हेरकादंबरी आणि तिचे वाचक

कथावाङ्मयाच्या अनेक प्रकारांत हेरकादंबरीइतका वाचकाला एका बैठकींत खिळवून ठेवणारा प्रकार क्वचितच असेल. राष्ट्राविरुद्ध कोठें तरी गुप्त कट शिजत आहे. त्याचे धागेदोरे सभ्य दिसणाऱ्या माणसांच्या हातांत आहेत. सरकार स्वस्थ झोपलें आहे. आणि एकच सामान्य मनुष्य तो कट ओळखून धांवत सुटला आहे. एवढें सूत्र हातीं असलें म्हणजे कुशल लेखकाला फारसें दुसरें कांहीं लागत नाहीं. हें सूत्र भारतीय वाङ्मयालाही परकें नाहीं. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकांत यमपट घेऊन हिंडणारा, गारुडी, क्षपणक असे नाना वेषांतील हेर वावरतात आणि प्रेक्षक त्यांच्या डावपेंचांत रंगून जातो.

परंतु असें पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाचें त्याविषयीं मत काय होतें, आणि त्या मताचें पुढें काय होतें, याचा विचार फारसा होत नाहीं. टीकाकार पुस्तकाचे गुणदोष पाहतो. वाचक मनांत काय घेऊन उठला हें तो पाहत नाहीं. इंग्लंडांत १९०३ ते १९१५ या बारा वर्षांत मात्र असा कांहीं प्रकार घडला कीं, हेरकादंबरीच्या वाचकांचें मत दिवाणखान्यांतून निघून सरकारी कचेरींत शिरलें, तेथून कायद्याच्या कलमांत जाऊन बसलें, आणि शेवटीं कांहीं निरपराध माणसांच्या मुळावर आलें. ती हकीकत हेरकादंबरीच्या प्रत्येक वाचकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१९०३ सालच्या मे महिन्यांत 'द रिडल ऑफ द सँड्स', म्हणजे 'वाळूच्या दांड्यांचें कोडें', ही कादंबरी लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. लेखक अर्स्किन चिल्डर्स हा पार्लमेंटच्या हाउस ऑफ कॉमन्समधील एक कारकून. बोअर युद्धांत लढून आलेला आणि शिडाच्या होडीचा विलक्षण नाद असलेला. १८९७ सालीं 'व्हिक्सन' नांवाच्या लहानशा होडींतून तो जर्मनीच्या फ्रिझियन किनाऱ्यावरील बेटांमधून बाल्टिक समुद्रापर्यंत जाऊन आला होता. ती सफर हाच त्याच्या कथेचा पाया. परराष्ट्रखात्यांतील कॅरुथर्स हा डौली तरुण आणि डेव्हिस हा साधाभोळा, पण पाण्यांत मुरलेला त्याचा मित्र, असे दोघे त्याच बेटांमधून हिंडतात. भरतीच्या वेळीं समुद्र आणि ओहोटीच्या वेळीं चिखल, अशा त्या प्रदेशांत खोल पाण्याच्या वाटा शोधीत असतां त्यांना एक रहस्य उमगतें. किनाऱ्यावरील सात लहान खाड्यांतून सैनिकांनीं भरलेले पडाव ओढून नेऊन इंग्लंडच्या अरक्षित पूर्व किनाऱ्यावर उतरवावयाचे, असा जर्मनांचा बेत असतो. आणि त्यांत सामील असलेला डॉलमन हा मूळचा इंग्रज असतो.

या पुस्तकाविषयीं वाचकांचीं मतें पहिल्यापासून दोन तऱ्हांचीं झालीं. दर्यावर्दी वाचकांना तें फार आवडलें. दाट धुक्यांत केवळ होकायंत्र, घड्याळ आणि पाण्याचा अदमास यांवर भरंवसा ठेवून वल्हीं मारीत मैलोगणती जाण्याचें त्यांतील वर्णन वाचून जाणते खलाशीही माना डोलावीत. उलट कांहीं वाचकांची तक्रार अशी कीं, आरंभ रेंगाळतो, नौकानयनाचे पारिभाषिक शब्द फार आहेत, आणि डॉलमनची कन्या क्लारा ही नायिका उगीच आणून बसविल्यासारखी वाटते. ही शेवटची तक्रार खोटी नव्हती. प्रेमकथेचा तो धागा लेखकानें मनाविरुद्ध गोंवला होता आणि त्याचा त्यालाही संतोष नव्हता. अशीं मतें म्हणजे वाचकांचा हक्कच होय. त्यांनीं कोणाचें वांकडें होत नाहीं.

पण चिल्डर्सनें पुस्तकाला जी प्रस्तावना जोडली तिनें निराळाच परिणाम केला. आपण केवळ संपादक आहों, हकीकत दुसऱ्यांची आहे, आणि राष्ट्रहितास्तव ती प्रसिद्ध करीत आहों, असा तिचा सूर होता. ही कादंबरीकाराची जुनीच युक्ति. तथापि सोबत नकाशे, भरती-ओहोटीचे तपशील आणि खऱ्या बेटांचीं खरीं नांवें असल्यामुळें अनेकांस ती युक्ति वाटलीच नाहीं. प्रश्न आरमारखात्यापर्यंत गेला. नौदलाच्या माहितीखात्यानें ती योजना तपासून पाहिली व अव्यवहार्य ठरविली. कारण त्या उथळ किनाऱ्यावरून एवढें सैन्य गुपचूप हलविण्यास लागणारीं साधनें तेथें नव्हतीं. या काळांत त्या खात्याचा प्रमुख होता बॅटनबर्गचा प्रिन्स लुई. हें नांव ध्यानांत असूं द्यावें.

चिल्डर्स निदान विषय जाणणारा होता. त्याच्यामागून जो लेखक पुढें आला त्याला विषयापेक्षां वाचकांची नाडी अधिक कळत होती. त्याचें नांव विल्यम ल क्यू. १९०६ सालच्या मार्च महिन्यापासून त्याची 'द इन्व्हेजन ऑफ १९१०' ही कथा लंडनच्या 'डेली मेल' पत्रांत क्रमशः येऊं लागली. जर्मन सैन्य इंग्लंडांत कसें घुसतें, गांवोगांव कसें लुटतें आणि लंडन कसें काबीज करतें, याचें वर्णन तींत होतें. जर्मन शिपायांचा वेष चढविलेले लोक जाहिरातीच्या पाट्या घेऊन लंडनच्या रस्त्यांतून फिरविण्यांत आले. पत्राचे मालक लॉर्ड नॉर्थक्लिफ यांनीं तर शत्रूच्या सैन्याचा मार्गच बदलून घेतला! ज्या आडगांवांतून सैन्य जाणें युद्धशास्त्राला सोयीचें होतें त्या गांवांत पत्राचा खप नव्हता. म्हणून ज्या शहरांत गिऱ्हाइकें मिळतील त्या शहरांतून सैन्य नेणें भाग पडलें. कटाच्या कादंबरींत कट कोणाचा आणि फायदा कोणाचा, हें यावरून चतुर वाचकास कळून यावें.

पंतप्रधान सर हेन्री कॅम्पबेल-बॅनरमन यांनीं पार्लमेंटमध्यें या कथेचा निषेध केला. परदेशांत क्षोभ व्हावा आणि स्वदेशांतील अजाण लोकांनीं घाबरावें, असाच तिचा परिणाम होईल, असा त्यांचा अभिप्राय होता. १९०९ सालीं पी. जी. वुडहाउस या तरुण विनोदी लेखकानें 'द स्वूप' नांवाचें एक टोपीउडवू पुस्तक लिहिलें. त्यांत इंग्लंडवर एकाच वेळीं नऊ सैन्यें चालून येतात आणि एक बालवीर देशाला वांचवितो! हंसणारे वाचक हंसले. परंतु बहुसंख्य वाचक घाबरणेंच अधिक पसंत करीत होते.

त्याच १९०९ सालीं ल क्यूची 'स्पाइज ऑफ द कैसर' ही कादंबरी आली. तिच्यांत आक्रमण होत नाहीं. त्याची पूर्वतयारी होते. खानावळींतील वाढपी, हजामतीच्या दुकानांतील न्हावी, सहलीला आलेले प्रवासी, भाषा शिकविणारे पंतोजी, असे हजारों जर्मन हेर इंग्लंडभर पेरलेले आहेत, असें तिचें प्रतिपादन. ती क्रमशः छापणाऱ्या साप्ताहिकानें परकी हेरांची माहिती कळविणाऱ्या वाचकास दहा पौंडांचें बक्षीस जाहीर केलें. मग पत्रांना काय तोटा! कोणीं जर्मन मनुष्य पुलाचें छायाचित्र घेतांना पाहिला, कोणीं रस्त्याची चौकशी करतांना ऐकला, कोणाच्या शेजारीं राहणारा परदेशी रात्रीं उशिरांपर्यंत दिवा जाळीत होता. सुतावरून स्वर्ग गाठावा तशी ही पत्रें. लेखक तीं सैन्याच्या गुप्तवार्ता शाखेचे प्रमुख कर्नल जेम्स एडमंड्स यांच्याकडे पोंचवूं लागला.

येथें या हकीकतीचें मर्म आहे. संशयित हेरांच्या ज्या तक्रारी एडमंड्स यांनीं नोंदल्या त्यांची संख्या १९०७ सालीं ५ होती. १९०८ सालीं ती ४७ झाली. आणि १९०९ च्या पहिल्या तीन महिन्यांतच २४ झाली. ही वाढ हेरांची कीं वाचकांची, हा प्रश्न विचारावयास हवा होता. १९०९ च्या मार्चमध्यें युद्धमंत्री रिचर्ड हाल्डेन यांच्या अध्यक्षतेखालीं साम्राज्य-संरक्षण समितीची एक उपसमिती नेमली गेली आणि तिच्यापुढें हा पुरावा आला. हाल्डेन हे तत्त्वज्ञानी, कायदेपंडित. त्यांनीं आरंभीं शंका घेतली. समितीतील दुसरे सभासद लॉर्ड ईशर यांनाही हा पुरावा पटत नव्हता. परंतु पुरावा एकेकटा दुबळा असला तरी ढीगभर झाला म्हणजे बळकट भासूं लागतो. अखेर समितीचें मत फिरलें. तिच्या शिफारशीवरून १९०९ च्या ऑक्टोबरांत गुप्तवार्तांची कायम कचेरी सुरू झाली. कॅप्टन व्हर्नन केल आणि कमांडर मॅन्सफील्ड कमिंग या दोन अधिकाऱ्यांनीं ती सुरू केली. इंग्लंडच्या एम. आय. फाइव्ह व एम. आय. सिक्स या प्रसिद्ध संस्था तिच्यापासूनच निघाल्या. जर्मनीचें आरमार झपाट्यानें वाढत होतें आणि सावधगिरीला खरें कारण होतें, हें मान्य केलेंच पाहिजे. पण त्या सावधगिरीचा पाया म्हणून जीं कागदपत्रें मांडलीं गेलीं त्यांतील कितीएक कादंबरीच्या वाचकांच्या कल्पनेचीं अपत्यें होतीं.

वाचकांचा दुसरा मासला याहून साहसी होता. १९१० सालीं ट्रेंच व ब्रँडन हे दोन ब्रिटिश अधिकारी चिल्डर्सनें वर्णिलेल्या त्याच किनाऱ्यावर टेहळणीस गेले आणि पकडले गेले. लाइप्झिग येथें त्यांच्यावर खटला चालला. चिल्डर्सची कादंबरी वाचली आहे काय, असें विचारतां ब्रँडननें आपण ती तीनदां वाचल्याचें सांगितलें. दोघांनाही चार वर्षांची किल्ल्यांतील कैद झाली. १९१३ सालीं कैसरनें त्यांना माफी दिली. म्हणजे जर्मन हेरांची कल्पित कथा वाचून इंग्रज हेर मात्र खरोखरीचे निघाले!

१९११ च्या ऑगस्ट महिन्यांत ब्रिटिश पार्लमेंटनें नवा 'ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट' एका दुपारीं, फारशी चर्चा न होतां, संमत केला. त्या वेळीं मोरोक्कोच्या प्रश्नावरून युद्धाचें सावट पसरलें होतें, हेंही खरें. या कायद्यांतील एक तत्त्व लक्षांत घेण्यासारखें आहे. आरोपीनें राष्ट्रघातक हेतूनें अमुक एक कृत्य केलें, हें सिद्ध करण्याची जरुरी उरली नाहीं. प्रसंगाची परिस्थिति, आरोपीचें वर्तन किंवा त्याचें ज्ञात चारित्र्य यांवरून हेतु तसा 'दिसतो' एवढें पुरें झालें. हेरकादंबरीचा नायक ज्या पद्धतीनें शत्रु ओळखतो तीच ही पद्धत. कादंबरींत ती चुकत नाहीं, कारण लेखकानें शत्रु कोण तें आधींच ठरविलेलें असतें. न्यायालयांत तशी सोय नाहीं.

भारताचा या हकीकतीशीं संबंध येथें येतो. १९२३ सालीं भारतासाठीं जो शासकीय गुपितांचा कायदा झाला त्याच्या तिसऱ्या कलमांत हेंच तत्त्व जवळजवळ त्याच शब्दांत उतरलें. ब्रिटननें १९११ चा कायदा २०२३ सालीं रद्द करून त्या जागीं नवा केला. भारतांत मात्र १९२३ चा कायदा आजही अमलांत आहे.

१९१४ च्या ऑगस्टांत महायुद्ध सुरू झालें. तेव्हां प्रत्यक्षांत किती हेर सांपडले? केल यांच्या कचेरीनें ज्यांच्यावर नजर ठेविली होती असे वीस-बावीस. त्यांतही नेमके कितीजण त्या वेळीं पकडले गेले, याविषयीं इतिहासकारांत वाद आहे. जर्मनीच्या भूसेनेनें इंग्लंडांत हेरांचें जाळें पसरलेलेंच नव्हतें. जे होते ते नौदलाचे, आणि त्यांचें लक्ष जहाजांवर व बंदरांवर. त्यांचीं पत्रें पोंचविणारा मुख्य मनुष्य कार्ल अर्न्स्ट हा लंडनमधील न्हावी होता खरा. पण त्याला या कामाबद्दल महिन्याकाठीं एखाद-दुसरा पौंड मिळे. ल क्यूच्या हजारों हेरांमधून एक न्हावी तेवढा खरा ठरला!

परंतु वाचकांचा संशय वीस-बावीसांवर थांबणारा नव्हता. युद्धाच्या पहिल्या महिन्यांतच पोलिसांकडे हेरांविषयींच्या हजारों तक्रारी आल्या आणि तपासाअंतीं त्यांतून कांहींच निघालें नाहीं. साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार केवळ हास्यास्पद राहिला असता तर बरें होतें. १९१५ च्या मे महिन्यांत 'लुसिटानिया' बोट बुडविली गेल्यानंतर लिव्हरपूल, लंडन वगैरे शहरांत जर्मन नांवांच्या पाववाल्यांचीं, खाटकांचीं, न्हाव्यांचीं दुकानें जमावांनीं फोडलीं. त्यांत कित्येक वर्षें इंग्लंडांत राहून प्रामाणिकपणें पोट भरणारे लोक होते.

आणि संशयानें थोरांनाही सोडलें नाहीं. प्रिन्स लुई बॅटनबर्ग, ज्यांच्या खात्यानें चिल्डर्सची योजना तपासून बाजूला ठेविली होती, ते १९१४ सालीं ब्रिटिश आरमाराचे प्रमुख अधिकारी होते. त्यांचा जन्म ऑस्ट्रियांतला, घराणें जर्मन. चौदाव्या वर्षापासून ब्रिटिश नौदलांत घालविलेलें आयुष्य या एका गोष्टीपुढें कमी पडलें आणि ऑक्टोबर १९१४ मध्यें त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढें या घराण्यानें आपलें नांव बदलून माउंटबॅटन असें केलें; भारताचे शेवटचे व्हाइसरॉय हे त्यांचे धाकटे चिरंजीव.

दुसरे हाल्डेन. तरुणपणीं ते जर्मनींत ग्योटिंगन येथें तत्त्वज्ञान शिकले होते आणि त्या विद्येविषयीं त्यांनीं कृतज्ञता बोलून दाखविली होती, एवढ्यावरून ते जर्मनीचे हस्तक ठरले. युद्धमंत्री असतांना फ्रान्सला पाठविण्याचें सैन्य त्यांनींच सिद्ध करून ठेविलें होतें, हें कोणी आठवीना. एका वृत्तपत्रानें वाचकांना आवाहन करतांच त्यांच्या देशद्रोहाचा निषेध करणारीं २६०० पत्रें एका दिवसांत हाउस ऑफ लॉर्ड्समध्यें येऊन पडलीं, असें त्यांनीं आत्मचरित्रांत नमूद केलें आहे. १९१५ च्या मे महिन्यांत त्यांना मंत्रिमंडळांतून वगळण्यांत आलें. सहा वर्षांपूर्वीं ज्यांच्यापुढें वाचकांच्या पत्रांचा ढीग पुरावा म्हणून ठेवला गेला आणि ज्यांनीं तो अखेर मान्य केला, त्यांच्याच विरुद्ध तसाच ढीग उभा राहिला.

तिसरा खुद्द चिल्डर्स. युद्धांत त्यानें ब्रिटिश नौदलाच्या विमानदलांत पराक्रम केला व पदकही मिळविलें. पण आयर्लंडच्या स्वातंत्र्याचा ध्यास त्याला आधींपासून होता. १९१४ सालीं आपल्या 'असगार्ड' होडींतून त्यानें आयरिश स्वयंसेवकांसाठीं बंदुका आणल्या होत्या. पुढें तो सर्वस्वीं त्या चळवळींत पडला आणि १९२१ च्या तहानंतर तहविरोधी पक्षाला मिळाला. इंग्रज त्याला देशद्रोही म्हणूं लागले आणि आयर्लंडांतील त्याचे विरोधक त्याच्या इंग्रजपणावर बोट ठेवूं लागले. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगल्याच्या आरोपावरून आयरिश फ्री स्टेटच्या सरकारनें २४ नोव्हेंबर १९२२ रोजीं डब्लिन येथें त्याला गोळ्या घालून ठार केलें. त्यापूर्वीं त्यानें गोळ्या झाडणाऱ्या प्रत्येक शिपायाशीं हस्तांदोलन केलें. डॉलमनसारखा देशद्रोही जन्मास घालणाऱ्या या लेखकाच्या वांट्याला दोन्ही तीरांवरून तोच शब्द आला. त्याचा मुलगा १९७३ सालीं आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झाला.

मग हेरकादंबऱ्या वाचूं नयेत काय? असें म्हणणें हें वेडेपणाचें होईल. चिल्डर्सचें पुस्तक शतकाहून अधिक काळ वाचलें जात आहे आणि धुकें, वाळू व भरती-ओहोटी यांचें तसें वर्णन पुन्हां झालेलें नाहीं. प्रश्न वाचण्याचा नाहीं. वाचून झाल्यावर मत कसें बनवावें याचा आहे. कटाच्या कादंबरींत एकही गोष्ट निरर्थक नसते. खिडकींतला दिवा, चुकलेली गाडी, अर्धवट ऐकलेला शब्द, यांपैकीं प्रत्येकाचा अर्थ शेवटच्या प्रकरणांत लागतो. लागला नाहीं तर वाचकच लेखकाला दोष देतो. जगांत उलट आहे. शेजाऱ्याच्या खिडकींतला दिवा बहुधा मूल आजारी असल्यामुळें जळत असतो. कादंबरीनें लावलेली ही प्रत्येक गोष्टींत अर्थ शोधण्याची गोडी पुस्तकाबरोबर मिटून ठेवतां आली पाहिजे.

हेरकादंबरीवर मत देतांना वाचकानें म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या. कथा रंगली कीं नाहीं, हें एक. तींतील माहिती खरी आहे कीं नाहीं, हें दुसरें; आणि तें रंगण्यावरून ठरत नाहीं, तर त्या विषयाच्या जाणत्याला विचारून ठरतें. तिसरी गोष्ट म्हणजे तींत ज्यांना शत्रु म्हणून रंगविलें आहे त्यांचे भाऊबंद आपल्या गल्लींत राहत असतील, तर त्यांच्याविषयीं स्वतः डोळ्यांनीं काय पाहिलें आणि पुस्तकानें काय दाखविलें, यांची गल्लत होऊं न देणें. १९०९ सालच्या वाचकाला संशय कळवावयाचा म्हणजे कागद, लेखणी आणि टपालहंशील तरी खर्चावें लागे. पत्र पेटींत पडेपर्यंत विचार करण्यास थोडा अवधि होता. आज हातांतल्या यंत्रावर बोट टेंकलें कीं तोच संशय हजारों घरीं पोंचतो. म्हणून ही वेगळी ठेवण्याची संवय आजच्या वाचकाला त्या वाचकापेक्षां अधिक अवश्य आहे.